बोहनीचा पाळणा

"ओळखा बरं, कितीला पडला असेल?"

गोधडीबुवांनी मान वर केली नाही. सुई कापडातून गेली, मागून दोरा गेला.

"बघा तरी, बुवा. अस्सल सागवान. चार कोपऱ्यांना चार मोर. कड्या पितळेच्या. नवा करायला टाकला असता तर सुताराने दोन महिने हेलपाटे घालायला लावले असते, आणि रोजचा चहा वेगळाच. ओळखा."

"सदू, उजेडातनं बाजूला हो."

सदाशिव तारळेकर उजेडातून बाजूला झाला, पण विषयातून झाला नाही.

हा सदाशिव नगरपालिकेच्या टाकीवर पाणी सोडायच्या कामाला होता. पहाटे पावणेपाचला तो चावी फिरवी, तेव्हा गावातल्या नळांना खोकला येई. रविवारी चावी फिरवली की तो घरी जात नसे. सायकल तशीच नदीकाठच्या जुन्या बाजारात दामटायची. विकणारे अजून गोणपाट अंथरत असायचे, तेवढ्यात हा हजर.

कारण काय, तर बोहनी.

पहिलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, पाठवलं तर दिवस फुकट जातो, ही बाजाराची जुनी समजूत. सदाशिवाने ती बरोबर हेरली होती. पहिला जायचा, पडेल भाव सांगायचा. विकणारा बिचारा हातातले पैसे कपाळाला लावायचा आणि मनातल्या मनात शिव्या द्यायचा. अंगातला शर्ट असा आलेला. सायकल, घड्याळ, पोळपाट, लग्नातला कोट, सगळं असंच आलेलं. बायको तेवढी पहिल्या हाताची, असं टाकीवरचे लोक म्हणत. सदाशिवही हसायचा. त्याला त्यात मोठेपणाच वाटायचा.

खरेदी झाली की तो घाटावरच्या महादेवाच्या ओवरीत यायचा. तिथे गोधडीबुवा असत. त्यांचं खरं नाव गाव विसरलं होतं आणि बहुतेक बुवाही विसरले होते. लोक जुनी कापडं आणून देत, बुवा गोधड्या शिवून देत. मजुरी नाही. कुणी शिधा ठेवला तर ठेवला. कापड हातात घेतलं की एवढंच विचारत, "कोणाचं?"

सांगितलं, की शिवायला बसत.

तीन वर्षं सदाशिव त्यांच्यामागे लागला होता. मला शिष्य करून घ्या, काहीतरी उपदेश करा. "नव्याचा मोह मला मुळी नाहीच, बुवा," तो म्हणायचा. "हेही एक वैराग्यच की." बुवा त्याला चहा द्यायचे.

त्या रविवारी मात्र सदाशिवाला चहाचीही शुद्ध नव्हती. त्याने पाळणा ओवरीच्या तुळईला, बुवांचा कंदील टांगायच्या कडीला अडकवला. दोन पावलं मागे सरून डोळे भरून पाहिला.

"आणि बघा, कुरकुरसुद्धा करत नाही," तो म्हणाला, आणि त्याने पाळण्याला झोका दिला.

बुवा उठले.

मामलेदार आले तरी जागचे न हलणारे बुवा सुई टाकून उठले आणि पुढे होऊन त्यांनी पाळणा धरला. तो पुरता थांबेपर्यंत धरून ठेवला.

"रिकामा पाळणा हलवू नये."

"अहो, नुसता दाखवत होतो..."

"कोणाचा?"

"माझाच की आता."

"त्याआधी?"

"एका बाईचा. बाजारात नवखीच होती. गोणपाटसुद्धा धड अंथरता येत नव्हतं. तिने तोंड उघडायच्या आत मी भाव सांगून मोकळा. त्यात ह्या मोराची चोच मोडलेली. तिच्यावर बोट ठेवलं आणि आणखी थोडे कमी केले." सदाशिवाला सांगताना हुरूप चढला. "शेजारचा हमीद कंदीलवाला तिला म्हणाला, पहिलं गिऱ्हाईक आहे, परत पाठवू नको. झालं. पैसे हातात कोंबले, पाळणा सायकलला बांधला आणि सुटलो. ती मागनं हाका मारतेय, अहो थांबा, अहो भाऊ थांबा. मी वळून बघतोय होय? वळलं की भाव वाढतो."

"हाका मारत होती?"

"चौकापर्यंत."

"काय म्हणत होती?"

"ते कोण ऐकत बसलंय."

बुवांनी सुई शोधली. दोरा पुन्हा ओवायला त्यांना बराच वेळ लागला.

भाव किती होता, ते मी सांगत नाही. सांगितला तर पुढच्या रविवारी तुम्हीच पहाटे तिथे हजर व्हाल.

घरी शालन बाळंतीण होती. लग्नाला अकरा वर्षं झालेली. दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा हात रिकामे राहिले होते. ह्या गुरुवारी मुलगी झाली. चांगली धडधाकट, रडण्यात पटाईत. पुढच्या सोमवारी, बाराव्या दिवशी, बारसं. म्हणून तर पाळण्याची घाई.

सदाशिव पाळणा घेऊन उंबऱ्याशी आला. शालन आतल्या खोलीतून पाहत होती. पाळणा पाहून तिचा चेहरा उजळला. मोरांवर नजर फिरली. मग ती म्हणाली,

"कोणाचा हो?"

"तूही तेच? अगं, आधी कितीला ते तर विचार."

"बाजारातनं आणलात?"

"मग काय विलायतेतनं?"

शालनने लेकीच्या अंगावर हात ठेवला. "लेकराचा पाळणा कुणी उगाच बाजारात मांडतं का? ह्यात कोण झोपलं होतं? त्याचं पुढे काय झालं?"

ही अंधश्रद्धा आहे, असं सदाशिव म्हणाला. लाकूड ते लाकूड, असंही म्हणाला. शालन भांडली नाही. भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"पाळणा फार सुरेख आहे," ती म्हणाली. "पण कळल्याशिवाय घरात आणू नका. तिसऱ्यांदा सोसायला माझ्यात जीव नाही."

आतापर्यंत सदाशिवाच्या मनाला शिवलं नव्हतं ते आता शिवलं. खरंच, तो पाळणा बाजारात का आला असेल?

त्याने पाळणा उंबऱ्यावरून मागे घेतला आणि तासाभरात तो पुन्हा ओवरीत हजर झाला.

"तुम्ही समजावा तिला, बुवा. तुमचं ऐकेल ती."

"काय समजावू?"

"की असं काही नसतं म्हणून."

"असं काही नव्हतं, हे तुला ठाऊक आहे?"

सदाशिव पाळण्याची पितळी कडी अंगठ्याने चोळू लागला.

"मलाही ठाऊक नाही," बुवा म्हणाले. "राहू दे इथेच."

"बरं, बारशाला एक गोधडी तरी शिवा. कापड मी आणलंय." त्याने पिशवीतून गाठोडं काढलं. मऊ मऊ सुती चिंध्या होत्या, धुतलेल्या.

"कोणाच्या?"

"वजनावर घेतल्या, महिन्यापूर्वी..."

बुवांनी गाठोडं हलकेच त्याच्याकडे सरकवलं. त्यात राग नव्हता. नको असलेला दुसरा लाडू ताटाच्या कडेला सारावा, तसं सरकवलं.

तो आठवडा सदाशिवाला जड गेला. रोज पहाटे चावी फिरवली की तो ओवरीवरून जायचा. पाळणा तिथेच टांगलेला असायचा. नदीवरून वारा यायचा, पण पाळणा हलायचा नाही. बुवांनी त्याला सुतळीने खांबाशी बांधून ठेवलं होतं. बुवा आपले शिवत बसलेले. सदाशिव खाली मान घालून निघून जायचा. घरी शालन लेकीला मांडीवर झोपवायची, आणि मांडी अवघडली तरी तक्रार करायची नाही.

रविवार उजाडला. सदाशिव नेहमीच्या वेळी बाजारात पोचला. हमीद कंदीलवाल्याने त्याला पाहून कपाळाला हात लावला.

"आलास? सांग बाबा तुझा भाव. माझी बोहनी तुझ्याच हातनं लिहिली असेल तर कोण काय करणार."

"आज काही घ्यायचं नाही, हमीदभाई."

हमीदने कंदिलाची काच पुसता पुसता त्याच्याकडे दोनदा पाहिलं. "तब्येत बरी आहे ना?"

"मागच्या रविवारची ती बाई. पाळणावाली. आज आली नाही?"

"ती कुठली येतेय. बाजारातली नव्हेच ती. एक पाळणा विकायचा होता तेवढा, विकला आणि गेली. माळेवाडीची, अनुसाबाई म्हणून. दुधाच्या गाडीतनं आली होती." हमीदने काच फुंकली. "तू पळालास तेव्हा चौकापर्यंत धावली बिचारी. दम लागला तिला. मी पाणी दिलं."

"काय हवं होतं तिला?"

"काहीतरी द्यायचं म्हणत होती, का घ्यायचं म्हणत होती... तिला धाप लागलेली, मला ऐकू कमी. तूच विचार जा."

घ्यायचंच असणार, सदाशिव मनात म्हणाला. माझ्यामागे देण्यासाठी कोण धावेल? भाव कमी दिला, तो मागत असणार. त्याने घरी जाऊन डब्यातले पैसे काढले. चांगला सुताराचा भाव होईल इतके. खिशात घातले आणि सायकल माळेवाडीच्या रस्त्याला लावली.

नऊ किलोमीटरचा रस्ता, त्यात अर्धा चढ. एरवी चढाला तो सायकलवरून उतरायचा आणि ही सायकल किती स्वस्तात मिळाली ते आठवून बरं वाटून घ्यायचा. आज तसलं काही आठवलं नाही. अनुसाबाईच्या दारात काय ऐकायला मिळणार, एवढंच डोक्यात होतं. तिने तोंड पाडून सांगितलं तर? मग तो पाळणा नदीत सोडायचा, असं त्याने ठरवून टाकलं. आणि शालनला काय सांगायचं, ते मात्र ठरेना.

अनुसाबाईचं घर शोधावं लागलं नाही. दारात ट्रंक, वळकट्या, दोरीने बांधलेली भांडी. निघायच्या तयारीत घर होतं. म्हातारी पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली, डोळे बारीक केले.

"आला व्हय? मला वाटलं, आता काय येत न्हाई."

सदाशिव सायकलही नीट न लावता पुढे झाला आणि पैसे पुढे केले. "हे राहिलेले. चुकलं माझं."

"कशाचं राहिल्यालं?"

"पाळण्याचे. तुम्ही हाका मारत होतात. मी..."

"अवो, पैशासाठी कोण बोलवत हुतं तुमास्नी?" म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. "पाळणा कुणी रिकामा नेतं का? त्यात लेकराचं काहीबाही घालून द्यायचं असतंय. मी गाठोडं सोडतिया, तवर तुमी चोरावानी पळालासा."

ती आत गेली. मग एका जुन्या रुमालात बांधलेलं काहीतरी घेऊन आली आणि पायरीवर सोडलं.

आत पाळण्यावर टांगायचं चिमणाळं होतं. लाकडाच्या सहा चिमण्या, हिरव्या-तांबड्या, मधे एक गोल चकती. रंग कुठे कुठे उडालेला, दोरे मात्र नवे घातलेले. आणि चिमणाळ्याखाली घडी केलेलं एक झबलं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं, की हातात आहे का नाही ते कळू नये.

सदाशिव त्या झबल्याकडे पाहत राहिला. नऊ किलोमीटर जे विचारायचं म्हणून आला होता, ते आता तोंडातून निघेना.

"मावशी... पाळणा कोणाचा?"

अनुसाबाई खाली बसली. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती आठवडाभर थांबली असावी, अशी ऐसपैस बसली.

"सासूनं करून घेतला माझ्या थोरलीच्या वक्ताला. सिंधू. ती आता दवाखान्यात नर्स हाय, तिच्याकडंच निघाले म्या ऱ्हायला. मग बाळकू. त्यो रडायचा न्हाई, नुसता बघायचा. आता लोकाला रडवतो, मास्तर हाय." तिने बोट मोडलं. "मग जुळी झाली. लहू आन् अंकुश. एकाचं डोसकं ह्या टोकाला, दुसऱ्याचं त्या टोकाला. अंकुश झोपंत लाथा मारायचा. त्या मोराची चोच त्यानंच मोडली."

"चोच?"

"तुमी बोट ठिवलं न्हवं का तिच्यावर? मला हसूच आलं. म्हटलं, अंकुशची लाथ ह्यांच्या कामाला आली."

सदाशिवाला मान वर करवेना. "आणि शेवटी?"

"शेवटी नातू. हे झबलं त्येचंच. आता दुसरीत हाय. मास्तर रोज बोलवत्यात तक्रारीला."

"सगळी..." सदाशिव अडखळला. "सगळी आहेत ना, मावशी?"

म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिला कळलं. बायकांना हे लवकर कळतं.

"समदी हायती, बाबा. आडदांड हायती. एकाचंबी नख दुखलं न्हाई."

सदाशिवाने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, आणि पुसतोय हे लपवलं नाही. त्याच्या छातीवरचं ओझं पायरीवर उतरलं. अकरा वर्षांचं सगळं तो तिला सांगत बसला. शालनचं, दोन वेळचं, गुरुवारचं. म्हातारी मधून मधून "व्हय, व्हय" म्हणत तांदूळ निवडत राहिली.

"मग एवढा पाळणा विकलात का?" शेवटी तो म्हणाला.

"लेकीच्या घराला वर सिलॅब. ना तुळई, ना कडी. मग काय वाळवीला घालायचा? म्हटलं, कुणाच्या तरी लेकराला जाऊ दे."

"मग द्यायचा होतात तसाच कुणाला तरी."

"फुकटाचा पाळणा घिऊ न्हाई, आमच्यात म्हणत्यात. कायतरी हातावर पडावं लागतंय. म्हणून बाजारात बसले. मी सवा रुपाया म्हणनार हुते."

"किती?"

"सवा रुपाया. तुमी आधीच बोललासा."

सदाशिव तिच्याकडे बघतच राहिला. जन्मभराचा बोहनीचा बहाद्दर. आणि त्याने भाव पाडला तो कितीतरी जास्तीला. आधी त्याची कानशिलं तापली. मग पोटातून हसू आलं. ते आवरेना. म्हातारीही हसली. दोघं पायरीवर बसून हसत होती आणि शेजारीण काय झालं म्हणून डोकावून गेली.

हसू ओसरल्यावर सदाशिवाने पुन्हा खिशात हात घातला. "ह्या चिमणाळ्याचे आणि झबल्याचे तरी घ्या. तुम्ही म्हणाल ते. मी भाव करणार नाही."

"ते विकायचं न्हाई."

"अहो, पण मी फुकट कोणाचं काही घेतलेलं नाही कधी. तो नियम आहे माझा."

"तुमच्यासाठी कोण देतंय? लेकराचं हाय. पुढं करा हात."

हात पुढे करायचे म्हणजे पसरायचे. सदाशिवाने आयुष्यात पैसे पुढे केले होते, तेही कमीत कमी. रिकामे हात कधी केले नव्हते. ते पुढे करायला त्याला नऊ किलोमीटरच्या चढापेक्षा जास्त कष्ट पडले. पण केले. म्हातारीने झबलं त्याच्या ओंजळीत ठेवलं, वर चिमण्या ठेवल्या.

"उद्या बारसं आहे," तो म्हणाला. "याल?"

"लेकीची गाडी उद्याच यायची हाय. वाटंत थांबवते की."

परतीच्या रस्त्याला उतार होता. चिमणाळं सायकलच्या दांडीला बांधलेलं, चिमण्या एकमेकींवर आपटत होत्या. गावात शिरताना पानपट्टीवाल्याने हाक मारली, "सदूभाऊ, झकास आहे चिमणाळं. कितीला मारलं?"

सदाशिवाने सवयीने तोंड उघडलं. आणि सांगायला काही नव्हतंच. "अनुसाबाईंचं आहे," एवढं बोलून तो पुढे गेला. पानपट्टीवाला चुना लावायचं विसरला.

घरी शालन भिंतीला टेकून बसली होती. सदाशिवाने झबलं तिच्या हातात दिलं आणि बोटं मोडत सगळी नावं सांगितली. सिंधू नर्स, बाळकू मास्तर, लहू, अंकुश, आणि तो दुसरीतला.

"दुसरीतल्याचं नाव काय?"

"विचारायचं राहिलं गं. उद्या येणार आहेत त्या, तूच विचार."

शालनने झबलं नाकाशी धरलं. वेखंडाचा वास होता त्याला. तिने लेकीच्या अंगावरचं फडकं काढलं आणि झबलं घातलं. बाह्या हाताच्याही पुढे गेल्या. लेक त्या बाहीतला हात तोंडात घालायला बघू लागली. शालन हसली. अकरा वर्षांत घराला न लाभलेली शांतता त्या दुपारी लाभली होती.

"आणा पाळणा," ती म्हणाली. "पण रिकामा आणू नका हं."

सदाशिव ओवरीत आला तेव्हा ऊन पायऱ्यांवरून उतरत होतं. बुवा खांबाला टेकून शिवत होते. पाळणा सुतळीने बांधलेला, तसाच.

आज त्याने उजेड अडवला नाही. बाजूला बसला. चहा दिला तो प्याला. बुवांची सुई शिवणीच्या टोकाला गेली आणि परत फिरली.

"कोणाचा?" बुवांनी विचारलं.

सदाशिव सांगू लागला. सासूने करून घेतला तिथपासून. बाळकूचं न रडणं, जुळ्यांची डोकी दोन टोकांना, अंकुशची लाथ. सवा रुपायाचंही सांगितलं, काही न लपवता. बुवांचे खांदे हलले, पण आवाज आला नाही. सांगून होईपर्यंत ऊन शेवटची पायरी उतरून पाण्यावर गेलं होतं.

"बरं," बुवा म्हणाले. "ने आता."

सदाशिवाने सुतळीची गाठ सोडली. कडीला हात घातला. आणि थांबला.

"बुवा... रिकामा कसा नेऊ?"

बुवा शिवत राहिले...

सदाशिव खाली बसला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. दुसऱ्यांदा करताना तितकं जड गेलं नाही.

बुवांनी दोरा दातांनी तोडला. आठवडाभर मांडीवर असलेली ती गोधडी झटकली. वीतभर कमी दोन हात, बाळापुरती. त्यांनी ती सदाशिवाच्या हातांवर ठेवली.

"कोणाची?" सदाशिवाने विचारलं.

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा पुरतं पाहिलं. मग एकेका तुकड्यावर बोट ठेवत गेले. हा जोशी आजोबांच्या धोतराचा, नव्वदीत आहेत. हे कासारणीचं लुगडं, सात नातवंडं खेळवलीत ह्यावर. हा हमीदच्या आईच्या ओढणीचा काठ. आणि हा निळा...

"हा माझा शर्ट," सदाशिव म्हणाला. "टाकीवरचा. शोधत होतो मी हा."

"मंगळवारी धाडला शालननं. शेजारणीच्या हाती."

मंगळवारी. म्हणजे तो पाळण्यावरून मान खाली घालून जात होता तेव्हा. सदाशिव त्या निळ्या तुकड्यावरून अंगठा फिरवत राहिला. "माझ्या आधी हा कोणाचा होता, ते मात्र मी विचारलं नव्हतं, बुवा."

बुवांनी गोधडी त्याच्या हातातून घेतली, पाळण्यात अंथरली, हाताने सारखी केली. मग पाळण्याची दोरी सदाशिवाच्या हातात दिली.

"आता हलव."